अंतिम वर्षाचा प्रकल्प रिजेक्शनच्या पेटीतून निघावा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

जुलैत नवे सत्र सुरू झाले की अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी चार-चारच्या गटाने ‘टॉपिक’ शोधू लागतात. हा शोध बहुधा यूट्यूबपासून सुरू होतो आणि तयार किट व छापील अहवाल विकणाऱ्या दुकानापाशी संपतो. मे महिन्यात परीक्षकांसमोर दरवर्षी तीच आरास असते: हात पुढे केला की झाकण उघडणारी कचरापेटी, मातीचा ओलावा बघून सुरू होणारा पंप, सौर फवारणी यंत्र. टेबलावर पाच मिनिटे चालते, गुण पडतात आणि मॉडेल कपाटावर जाते. पुढे हीच मुले कुपवाडच्या एखाद्या कारखान्यात मुलाखतीला येतात. ‘तुमच्या यंत्राची अचूकता किती आणि ती मोजली कशी?’ एवढे विचारले तरी गडबडतात. दोष त्यांचा नाही. त्यांना मोजायला कुणी लावलेलेच नसते.

आपल्या भागात याला खरे तर काही कारण नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले, तेच आजचे वालचंद. कराडचे शासकीय महाविद्यालय १९६०चे. इस्लामपूरजवळ राजारामनगरला आणखी एक मोठी संस्था आहे. मिरज, कुपवाड, पलूसच्या वसाहतींत पंप, वाहनांचे सुटे भाग, कास्टिंग, मशीनिंग यांची लहानमोठी युनिट्स आहेत. म्हणजे कॉलेज आणि कारखाना यांच्यात एसटीच्या एका तिकिटाचे अंतर. तरीही मालक म्हणतात, ‘पोरं येतात, फोटो काढतात, सर्टिफिकेट मागतात.’ प्राध्यापक म्हणतात, ‘कंपनी गेटच्या आत घेत नाही.’ दोघांचेही खरे आहे. अडते कुठे, तर कारखान्याची समस्या विद्यार्थ्याला पेलेल अशा शब्दांत कुणी लिहूनच देत नाही.

‘रिजेक्शन (तपासणीत नापास होणारे नग) कमी करा’ ही समस्या झाली नाही, ती तक्रार झाली. समस्येची चिठ्ठी एका पानाची असावी. जॉब (म्हणजे मशीनवर घडवायचा भाग) कोणता, ऑपरेशन कोणते, दोष नेमका कोणता, किती नगांत किती, कोणत्या पाळीत, कधीपासून, आजवर काय करून पाहिले, कशाला हात लावता येणार नाही, खर्चाची मर्यादा किती आणि कोणता आकडा गाठला की काम झाले समजायचे, एवढे त्यात हवे. उदाहरणादाखल एक चिठ्ठी अशी (बोअर म्हणजे जॉबमधले नेमक्या मापाचे गोल भोक, अंडरसाइज म्हणजे मापापेक्षा लहान): ‘अॅल्युमिनियम हाउसिंगचा ४० एच ७ बोअर. दुसऱ्या पाळीत अंडरसाइज रिजेक्शन ४ टक्के, पहिल्या पाळीत दीड टक्का. मशीन आणि ग्राहकाचे ड्रॉइंग बदलता येणार नाही. खर्च २० हजारांच्या आत. दोन्ही पाळ्यांचा आकडा दोन टक्क्यांखाली आणायचा.’ अशी चिठ्ठी हातात पडली की चौघांच्या गटाला सात-आठ महिने पुरेल एवढे अभियांत्रिकीचे काम त्यात सापडते. कसे ते जरा सविस्तर सांगतो, कारण ‘इंडस्ट्री-इन्स्टिट्यूट इंटरॅक्शन’ हे शब्द सगळेच वापरतात, तपशिलात शिरायला कुणी तयार नसते.

४० एच ७ म्हणजे ४०.००० ते ४०.०२५ मिमी, एकूण मोकळीक (टॉलरन्स) २५ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या २५ हजारांशांची. विद्यार्थी आल्या आल्या मशीनचा स्पिंडल, टूल, कूलंट यांच्या मागे लागतात. त्याआधी मोजण्याची पद्धत तपासली पाहिजे. दहा जॉब घ्यावेत, तीन ऑपरेटरांनी प्रत्येक जॉब तीनदा मोजावा, जॉबचा क्रम दर वेळी बदलावा आणि आधीचे वाचन पुढच्याला दिसू देऊ नये. ही ९० वाचने घ्यायला एक दिवस पुरतो. मापनातली तफावत मोकळिकीच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जावे. ३० टक्क्यांच्या वर असेल तर बोअर गेजवरचा (भोक मोजणाऱ्या उपकरणावरचा) आकडा धरून घेतलेला कोणताही निर्णय टाकाऊ. अशा वेळी मशीन दुरुस्त करणे म्हणजे थर्मामीटर बिघडला असताना रोग्याची औषधे बदलत बसणे.

मग तापमान. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. अॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावते. मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब तपासणी खोलीपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर ४० मिमीचा बोअर जवळजवळ १४ मायक्रॉनने मोठा भरतो, म्हणजे निम्मी मोकळीक मोजण्यातच गेली. ऑपरेटरला बोअर वरच्या हद्दीकडे चाललेला दिसतो, तो ऑफसेट (मशीनला दिलेली टूलच्या जागेची दुरुस्ती) कमी करतो, जॉब निवला की अंडरसाइज. ऑपरेटरने समोर जे दिसले त्यावर बरोबर तेच केलेले असते. यात आणखी एक मेख आहे. बोअर गेज ज्या ठरावीक मापाच्या कड्यावर लावून घेतात ती सेटिंग रिंग पोलादाची असते आणि पोलादाचे प्रसरण अॅल्युमिनियमच्या निम्मे. त्यामुळे रिंग आणि जॉब दोन्ही शॉपमध्ये ३५ अंशांवर असले तरी सुमारे ७ मायक्रॉनचा फरक उरतोच. पहिल्या पाळीत सकाळची थंड हवा, दुसरी पाळी भर दुपारी सुरू होते आणि सांगलीचा एप्रिल कसा असतो हे वेगळे सांगायला नको. खरे कारण हेच निघेल असे नाही. पण दर अर्ध्या तासाला जॉबचे तापमान, शॉपचे तापमान, बोअरचे माप आणि दिलेला ऑफसेट हे चार आकडे दोन आठवडे लिहिले तर हे कारण धरायचे की सोडायचे ते कळते. उपायही साधे असतात: जॉब थंड होण्यासाठी ठरावीक वेळ रॅकवर ठेवणे, मास्टर (गेज लावायचा प्रमाण नग) जॉबच्याच धातूचा करून जॉबशेजारी ठेवणे, ऑफसेट किती नगांनंतर आणि किती मायक्रॉनने द्यायचा याचा नियम भिंतीवर लावणे. त्यासाठी २० हजारसुद्धा लागत नाहीत.

इथवर बरेच गट येऊ शकतील. घसरतात ते पडताळणीत. बदल केल्यावर ५० जॉब काढायचे, एकही रिजेक्ट नाही म्हणून टाळ्या घ्यायच्या, असे सादरीकरणात सर्रास चालते. मूळ रिजेक्शन ४ टक्केच राहिले असते तरी ५० जॉबमध्ये एकही रिजेक्ट न निघण्याची शक्यता सुमारे १३ टक्के आहे. म्हणजे काहीही न करता आठातला एक गट यशस्वी ठरला असता. ४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर घसरण खरीच झाली हे ठामपणे सांगायला बदलापूर्वीचे आणि नंतरचे, प्रत्येकी अकराशे-बाराशे जॉब लागतात. रोज दीडशे नग निघत असतील तर नंतरच्या नोंदीलाच आठ दिवस हवेत. म्हणून बदल फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मशीनवर चढलाच पाहिजे. एप्रिलमध्ये चढवलेला बदल परीक्षेच्या धांदलीत कुणी मोजत नाही. संख्याशास्त्राच्या पेपरात शेवटच्या रात्री पाठ केलेली सूत्रे इथे पहिल्यांदा कामी येतात.

पुस्तकातल्या इतर समीकरणांचेही असेच आहे. टेलरचे टूल लाइफ समीकरण, म्हणजे कटिंगचा स्पीड वाढला की टूलचे आयुष्य किती घटते ते सांगणारे, सर्वांनी सोडवलेले असते. पण ‘सायकल टाइम (एका जॉबला लागणारा एकूण वेळ) कमी करा’ म्हटले की पहिली सूचना येते, स्पीड २० टक्क्यांनी वाढवा. कार्बाइड इन्सर्टसाठी (टूलच्या टोकाला बसवायच्या, बदलता येणाऱ्या पात्यासाठी) घातांक ०.२५ धरला तर स्पीड २० टक्क्यांनी वाढवल्यावर टूलचे आयुष्य निम्म्याहून थोडे खालीच येते. सायकल ९० सेकंदांची आणि त्यात प्रत्यक्ष कटिंग ५० सेकंदांचे असेल तर वाचले किती? आठ सेकंद. त्या बदल्यात इन्सर्टचा खर्च दुप्पट आणि टूल बदलायला मशीन दुप्पट वेळा थांबणार. उरलेली ४० सेकंदे जॉब चढवणे, क्लॅम्प करणे, दार लावणे, टूल इंडेक्स होणे यात जातात. तिकडे बघायला स्टॉपवॉच आणि ऑपरेटरशी बोलण्याची तयारी लागते. सॉफ्टवेअर लागत नाही म्हणून त्याला प्रतिष्ठा नाही, असे आमचे मत आहे.

फिक्स्चर, म्हणजे मशीनवर जॉब जागेवर पक्का धरणारी चौकट, हा यंत्र शाखेच्या मुलांचा आवडता विषय. स्क्रीनवर फिक्स्चर सुंदर दिसते, मशीनवर अडते, आणि कारणे बहुतेक वेळा तीच असतात. दोन भोकांवर जॉब बसवायला दोन्ही गोल पिना दिलेल्या असतात. भोकांच्या अंतरात थोडी तफावत आली की जॉब बसतच नाही, किंवा बसला तर निघत नाही. एक पिन गोल आणि दुसरी डायमंड (दोन बाजूंनी घासलेली) द्यावी लागते. बेसवर बर (कापलेल्या धातूचा कीस) साचायला जागा ठेवलेली असते, निघून जायला नसते. मग पाचव्या जॉबला लोकेटरखाली (जॉब टेकतो त्या आधाराखाली) बर अडकते आणि माप हलते. क्लॅम्पचा दाब सपोर्टच्या बरोबर वर न पडता मध्ये पडतो, पातळ भिंतीचा जॉब वाकतो, त्यावर बोअर गोल होतो आणि क्लॅम्प सोडला की अंडाकृती. शिवाय ड्रॉइंगवर सगळीकडे ±०.०१ लिहिलेले. त्या ड्रॉइंगवरून कोटेशन मागवले की चार हजारांच्या फिक्स्चरला वीस हजार पडतात. ड्रॉइंग घेऊन विद्यार्थ्याला एकदा टूलरूममध्ये तास-दीड तास बसवावे आणि ‘हा टॉलरन्स कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मापाला द्यायला लावावे. बरेच शून्य गळून पडतील.

फाउंड्रीबद्दल, म्हणजे ओतकामाबद्दल, थोडक्यात. तिथे पहिला महिना फक्त दोष वेगळे ओळखण्यात जायला हवा. ब्लोहोल व पिनहोल (वायूची मोठी आणि बारीक भोके), श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी), सँड इन्क्लूजन (धातूत अडकलेली वाळू), कोल्ड शट (धातूचे दोन प्रवाह एकजीव न झाल्याची फट) या सगळ्यांची नोंद रजिस्टरमध्ये बऱ्याचदा ‘होल’ म्हणून एकाच रकान्यात होते. श्रिंकेजवरचा उपाय ब्लोहोलवर चालत नाही. त्यात परतीची (साच्यातून निघालेली, पुन्हा वापरायची) वाळू थंड न होताच पुन्हा मिक्सरमध्ये येत असेल तर ओलावा कागदावर ठीक दिसतो आणि मोल्डिंगपर्यंत उडून गेलेला असतो. नमुना मिक्सरजवळ घेतला की मोल्डिंग बॉक्सजवळ, हे लिहिल्याशिवाय ओलाव्याच्या टक्केवारीला अर्थ नाही.

हे सगळे अंतिम वर्षातच अचानक जमणार नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एका दिवसाचे काम द्यावे: दाबाच्या हवेची गळती मोजणे. साप्ताहिक सुटीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. तो लोडवर (हवा भरत) किती वेळ आणि अनलोडवर (हवा न भरता नुसता फिरत) किती वेळ राहतो ते दहा फेऱ्यांसाठी नोंदवायचे. लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागले की गळतीची टक्केवारी निघते. लोड २ मिनिटे आणि अनलोड ६ मिनिटे असेल तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा चौथा हिस्सा हवेतच जातो आहे. मग साबणाचे पाणी घेऊन जोड तपासायचे आणि प्रत्येक गळतीला टॅग लावायचा. ७ बार दाबाला ३ मिमीच्या भोकातून सेकंदाला साधारण १० लिटर हवा जाते आणि ती तयार करायला साडेतीन किलोवॉटच्या आसपास वीज लागते. वर्षाला ६,००० तास आणि युनिटला ८ रुपये धरले तर हे एक भोक १ लाख ६८ हजारांचे. हा हिशेब मालकासमोर ठेवला की पुढच्या गटाला गेटवर कुणी अडवत नाही. प्रयोग एकाच अटीवर बरोबर येतो: कॉम्प्रेसर लोड-अनलोड प्रकारचा हवा. वेग बदलून चालणाऱ्या कॉम्प्रेसरवर ही रीत लागू पडत नाही, तिथे फ्लो मीटर लावावा लागतो.

आता एका अडचणीकडे लक्ष वेधतो, तिची चर्चा होताना दिसत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या अनेक खऱ्या समस्या हंगामी आहेत. तासगाव, कवठेमहांकाळ भागातील बेदाणा शेड फेब्रुवारी ते एप्रिल चालतात, हळद शिजवणे आणि पॉलिश त्याच सुमारास, साखर कारखान्यांचा गळीत हंगामही उन्हाळ्याच्या तोंडाशी आटपतो. प्रकल्पाचा विषय मात्र जुलैत ठरतो, तेव्हा शेड रिकामी असते. मग विद्यार्थी पुस्तकातून ‘सोलर ड्रायर’ उचलतात, मार्चमध्ये ५ किलो द्राक्षे वाळवतात आणि तोवर सादरीकरण येते. बेदाण्याचे प्रकल्प तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत सुरू करून चौथ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये संपवावेत, म्हणजे दोन हंगाम मिळतात. पहिल्या हंगामात फक्त मोजणी. वाळवण्याआधी द्राक्षे बुडवायचे, लिटरमागे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल हे द्रावण सर्वांनाच ठाऊक आहे. रॅकच्या कोणत्या थरावर माल किती दिवसांत वाळतो याचे आकडे मात्र फार थोड्यांकडे असतील. प्रत्येक थरावर १ किलो द्राक्षांची जाळीची पिशवी टांगावी, सकाळ-संध्याकाळ वजन करावे, शेजारी तापमान आणि आर्द्रतेचा लॉगर ठेवावा. महागडे ओलावा मापक लागत नाही. द्राक्षात २२ टक्के घनभाग असेल तर १५ टक्के ओलाव्याच्या बेदाण्याचे वजन किलोमागे सुमारे २६० ग्रॅम भरते, काटा तिथे आला की वाळवण झाली. घनभागाचा अंदाज रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर दाखवणाऱ्या उपकरणावर) येतो आणि तो बागायतदारांकडे असतोच. दुसऱ्या हंगामात एकाच गोष्टीत बदल करावा, हवेचा मार्ग किंवा थरांतले अंतर किंवा पंखे, आणि शेजारच्या रॅकमध्ये जुनी पद्धत तशीच चालू ठेवावी. तुलनेला शेजारचा रॅक नसेल तर फरक उपायाने पडला की त्या आठवड्यातल्या कोरड्या हवेने, हे सांगता येत नाही.

महाविद्यालयांनी यासाठी काय करावे? एनबीए (अभियांत्रिकी अभ्यासक्रमांचे मानांकन करणारे राष्ट्रीय मंडळ) मानांकनाच्या निकषांत समस्या ओळखणे आणि मांडणे ही पदवीधराची क्षमता म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. त्याचे तक्ते भरण्यात प्राध्यापकांचे किती शनिवार जातात ते त्यांनाच विचारा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि इंटर्नशिपला श्रेयांकही आहेत. नियमांची कमतरता नाही, गुणांची वाटणी उलटी आहे. अहवालाची जाडी आणि मॉडेलचा रंग यांना गुण मिळतात. आमची सूचना अशी की शंभरातले ३५ गुण समस्या मांडणे आणि मूळ स्थिती मोजणे याला असावेत आणि ते ऑक्टोबरमध्येच द्यावेत. पहिले चार आठवडे उपाय सुचवायला बंदी. २५ गुण चाचण्यांना, २५ जागेवरच्या पडताळणीला, १५ अहवालाला. संशयित कारण खोटे निघाले आणि ते गटाने आकड्यांनिशी दाखवले तर पूर्ण गुण द्यावेत. ही तरतूद नसेल तर मुले आकडे ‘बनवतील’. वेळापत्रकात आठवड्याचा एक अखंड दिवस सोडावा. दोन-दोन तासांच्या तुकड्यांत कुपवाडला जाऊन यायलाच तास संपतो. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे उद्योगातल्या अनुभवी माणसांना शिकवायला घेण्याची, वाट मोकळी केली आहे. नामवंत वक्ते बोलावण्याऐवजी टूलरूम, मेंटेनन्स, क्वालिटी यांतून निवृत्त झालेली अनुभवी माणसे या वाटेने किंवा मानधनावर घ्यावीत. त्यांच्यापैकी काहींनी वरिष्ठ पदावर काम केलेले नसेल, तेव्हा नियमात बसवताना कॉलेजला थोडी खटपट करावी लागेल. ती करावी. हॅकेथॉनला आमचा विरोध नाही, पण ३६ तासांत जे सुटते ते आणि दोन आठवडे रजिस्टर भरल्याशिवाय दिसतही नाही ते, ही दोन वेगळी कामे आहेत.

कारखानदारांचीही बाजू सोपी नाही हे मान्य. विद्यार्थी आत घ्यायचे तर अपघाताची जबाबदारी येते. म्हणून कॉलेजने विमा काढावा. सेफ्टी शूज आणि गॉगल विद्यार्थ्यांचे स्वतःचे असावेत. पहिल्या दिवशी तासभर सुरक्षेची माहिती दिल्याशिवाय शॉपमध्ये पाऊल नको. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे, लांब बाह्या, ओढणी, अंगठी, कडे चालणार नाही हे स्पष्ट सांगावे. हातमोजे घातले की हात सुरक्षित हा गैरसमज ड्रिलवर फार महागात पडतो. ग्राहकाच्या ड्रॉइंगची भीती असेल तर जॉबचे नाव झाकून, फक्त संबंधित माप देता येते. मालकाने दोन गोष्टी मात्र द्यायलाच हव्यात: आठवड्याला एक तास देणारा एक जबाबदार माणूस आणि चाचणीसाठी ठरलेला मशीनचा वेळ. हे नसेल तर चिठ्ठी देऊच नये. आलेल्या मुलांना पॅकिंगला किंवा नग मोजायला बसवणे हा तर त्यांच्या सत्राचा अपव्यय आहे.

गट मे महिन्यात निघून जातो आणि जूनमध्ये नवा ऑपरेटर जुन्याच पद्धतीने काम करू लागतो, हा शेवटचा खड्डा. त्यासाठी हस्तांतराची यादी ठरलेली असावी: बदललेल्या भागाचे पूर्ण मापांचे ड्रॉइंग, सामानाची यादी दुकानात मिळेल अशा नावांसह, झिजणाऱ्या भागाचा एक सुटा नग, मराठीत एका पानाची कामाची पद्धत फोटोंसह, आणि इलेक्ट्रॉनिक्स असेल तर वायरिंगचा नकाशा व प्रोग्रामची प्रत. ती पद्धत दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला वाचायला द्यावी आणि विद्यार्थ्याने काही न बोलता बाजूला उभे राहावे. ऑपरेटर जिथे अडेल तिथले वाक्य पुन्हा लिहावे. या कागदांवर सुपरवायझरची सही झाल्याशिवाय प्रकल्पाचे अंतिम गुण देऊ नयेत.

येत्या सत्रासाठी वसाहतींतील उद्योजक संघटनांनी मे अखेरपर्यंत प्रत्येक सभासदाकडून एक चिठ्ठी गोळा करावी. महाविद्यालयांनी जूनमध्ये प्राध्यापकांना त्या जागा दाखवून आणाव्यात आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात चिठ्ठ्या विभागाच्या फलकावर लावाव्यात. पहिल्या वर्षी पाच-सहाच आल्या तरी चालतील.

आपले,
कुपवाड-मिरज परिसरातील काही उत्पादन व गुणवत्ता अभियंते
(जि. सांगली)